हॅल्वरच्या रायफलीतलं वजन

मेलव्हिल, मोंटाना
१४ जानेवारी २०१५

श्री. एनार रुस्टाड यांस,

मी सोल्वेग. हॅल्वरची मुलगी, तुमची पुतणी. सहा वर्षांत एकही पत्र नाही, म्हणून आधी ओळख दिलेली बरी.

बाबांच्या दफनाला तुम्ही आला नाहीत, त्याबद्दल हे पत्र नाही. चर्चच्या तळघरातल्या जेवणात हॅम आणि बटाटे संपेपर्यंत लोक विचारत होते, एनार कुठे आहे. मी सांगत होते, युमाला ऊन खातोय. पत्र कामाचं आहे.

बिलिंग्जची नोकरी सोडून मी घरी आले आहे. फेब्रुवारीच्या मध्यावर मेंढ्या व्यायला लागतील आणि यंदा त्यांच्याकडे बघायला मी आणि कुत्रा एवढेच आहोत. ओढ्याकाठी कोल्ह्यांचे माग आत्तापासून दिसतायत. त्यांच्यासाठी तुम्ही बाबांना बनवून दिलेली रायफल आहे, पण ती बिघडली आहे. एक गोळी सुटते, आणि पुढचं काडतूस वर येतच नाही. दर वेळी मागची मूठ हाताने ओढावी लागते. मी ओढेपर्यंत कोल्हा काही माझ्यासाठी थांबत नाही.

शेजारचा डेल प्रुएट दर रविवारी कुंपणाशी येतो आणि टोपी काढून विचारतो, "काय ठरलं मग?" त्याला आपली जमीन हवी आहे. मी मनाशी ठरवलंय की यंदाची कोकरं वाचली तर राहायचं. त्या वर्षीसारखी गेली, तर मे महिन्यात त्याला हो म्हणून मोकळं व्हायचं.

त्या वर्षी म्हणजे कोणत्या, ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही अंगणात उभे राहून बाबांना म्हणालात, "अख्ख्या हिवाळ्यात एक बार ऐकला नाही मी. तू झोपा काढतोस आणि कोकरं मरतात." मी खिडकीत होते. बाबा काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात तुम्ही तुमच्या वाट्याच्या मेंढ्या विकल्या आणि निघून गेलात. त्यातलं काहीही मला उकरायचं नाही. रायफल तुम्ही बनवली, म्हणून तुम्हाला विचारते आहे, इतकंच.

तुमचा फोन नंबर माझ्याकडे नाही. असता तरी लावला नसता. आपल्या घरात फोनवर फक्त भांडणं झाली आहेत.

सोल्वेग रुस्टाड


युमा, अ‍ॅरिझोना
२० जानेवारी

प्रिय सोल्वेग,

"श्री." कोणाला म्हणतेस गं? खेचरावरून पडून माझ्याच शर्टाला नाक पुसलेली मुलगी तू. तो शर्ट अजून आहे माझ्याकडे. पुन्हा श्री. लिहिलंस तर पत्र न फोडता परत पाठवीन.

रायफल बिघडली असं म्हणू नकोस. मी केलेली वस्तू बिघडत नाही. तिला कोणीतरी बिघडवतं.

आधी पूर्ण साफ कर आणि पातळ तेल लाव. हॅल्वर ट्रॅक्टरचं ग्रीस फासायचा सगळ्याला, थंडीत त्याचा गोंद होतो. मग रायफल खांद्याला घट्ट लाव. गिटार धरल्यासारखी सैल धरलीस तर तिचा अर्धा जोर तुझ्या खांद्यातच जिरतो. एवढं करूनही अडली, तर मी सांगतो तसं कर.

अंगणात बर्फावर एक जुनी चादर पसर, म्हणजे पुंगळ्या बर्फात रुतणार नाहीत. तू चादरीच्या डाव्या कडेला उभी राहा आणि समज की आपण घड्याळाच्या मधोमध उभे आहोत. नळी बाराकडे. दहाबारा गोळ्या झाड आणि रिकाम्या पुंगळ्या कुठे पडतात ते बघ. तीन आणि चारच्या मध्ये पडल्या तर तब्येत बरी आहे. एक-दोनकडे पुढे उडाल्या तर आतला बोल्ट उधळतोय. मागे, पाचकडे, पायाशी पडल्या तर त्याला मागे जायला जोर पुरत नाही.

तुला कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. गोळी सुटली की नळीतली थोडी वाफ मागे येऊन बोल्टला ढकलते. बोल्ट मागे जाताना रिकामी पुंगळी फेकतो, पुढे येताना नवं काडतूस उचलतो. त्याला अडवायला दस्त्यात एक लांब स्प्रिंग आहे आणि स्प्रिंगच्या तोंडाशी धातूचा एक गट्टू. त्याला बफर म्हणतात. बफर हलका असला तर बोल्ट बेफाम धावतो आणि तुझ्या खांद्याचं भरीत करतो. जड असला तर बोल्ट अर्ध्या वाटेवरून परत येतो, आणि काडतूस खालीच राहतं.

चादरीचं कळव.

दफनाबद्दल तू विचारलं नाहीस, मी सांगत नाही.

एनारकाका


मेलव्हिल
२८ जानेवारी

प्रिय एनारकाका,

ट्रॅक्टरचं ग्रीसच होतं. तुला कसं कळलं? मी रॉकेलमध्ये सगळं धुऊन काढलं, तरी फरक नाही.

घरात जुनी चादर सापडली नाही, म्हणून आईचा नाताळचा लाल टेबलक्लॉथ घातला. ती असती तर आधी मला गोळी घातली असती. खांद्याला घट्ट लावली होती, गिटार मला वाजवताही येत नाही. सगळ्या पुंगळ्या पाचला पडल्या. पडल्या म्हणजे काय, टपकल्या. एक तर बुटावर बसली. कुत्र्याने वास घेतला आणि कंटाळून निघून गेला.

मग मी स्वतःच डोकं चालवलं आणि स्वयंपाकघरात बसून दस्त्यामागून तो बफर काढायला गेले. आत एक खिट्टी आहे, ती दाबली. पुढे काय होणार ते तू आधी सांगायला हवं होतंस. स्प्रिंगने तो गट्टू असा भिरकावला की छताला लागून चुलीखाली गेला. झाडूच्या दांड्याने काढला. त्याच्या तोंडावर "एच-३" असं कोरलंय. जड आहे चांगलाच.

डेल प्रुएट रविवारी आला होता. टेबलक्लॉथ अंगणात बघून म्हणाला, "सहल वाटतं?" मी म्हटलं हो, तुम्हाला बोलावणं नाही.

सोल्वेग


युमा
२ फेब्रुवारी

सोल्वेग,

एच-३? नीट वाचलंस का? पुन्हा चष्मा लावून वाच.

त्या रायफलीत मी एच घातला होता. साधा, त्यापेक्षा थोडा जड एच, मग एच-२, आणि सगळ्यात जड एच-३. अशा चार पायऱ्या असतात, आणि दुसरी पायरी मी स्वतः पारखून निवडली होती, हॅल्वर उभा कसा राहतो, काडतुसं कुठली स्वस्तातली आणतो, सगळं बघून. त्या नळीला एच-३ म्हणजे बोकडाच्या पाठीवर घोड्याचं खोगीर. बोल्ट मागे जाणारच कसा!

म्हणजे कोणीतरी माझ्या कामात हात घातला. हॅल्वरला माझ्या कामात खोट दिसली तर मला विचारायचं ना? मी टेकडीच्या पलीकडच्या बाजूला राहत होतो, महासागराच्या पलीकडे नाही. पण नाही. दुसऱ्या कुठल्या तरी दुकानात जाऊन बदलून आणला असेल. सैन्यात बंदुका दुरुस्त करून आलो, सारा जिल्हा माझ्या टेबलाशी येत होता, आणि सख्खा भाऊ परक्याकडे गेला. तुझ्या बापाबद्दल वाईट लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. जमलं नाही.

या पत्राबरोबर कॉफीचा डबा येईल. त्यात साधा, एच आणि एच-२ आहेत. निवडायची रीत साधी आहे. सगळ्यात जड जो चालेल, तो खरा. जडाने खांद्याला आराम आणि रायफलीला आयुष्य. पण "चालेल" याचा अर्थ नीट समजून घे. मॅगझिनमध्ये एकच काडतूस घाल आणि झाड. बोल्ट मागे उघडाच अडकून राहिला, तर तो शेवटपर्यंत गेला. पुढे येऊन बंद झाला, तर नाही गेला. तुझ्याकडची सगळ्यात हलकी, स्वस्त काडतुसं वापरून बघ. चांगल्या काडतुसांवर कोणीही शहाणं दिसतं.

आणि खिट्टी दाबताना बफरवर अंगठा ठेवायचा असतो. हे सांगायचं असतं हे मला माहीत नव्हतं.

एनारकाका


मेलव्हिल
१३ फेब्रुवारी

प्रिय एनारकाका,

डबा पोचला. टपालातल्या बाईने तो हलवून बघितला आणि म्हणाली, "ही कुठली कॉफी?"

आज दुपारी उन्हात निवांत बसून तिन्ही लावून बघितले. साधा लावला तर पुंगळ्या एकच्या दिशेने सुटल्या आणि गोठ्याच्या पत्र्यावर वाजल्या. खांदाही दुखला. एच बरा होता, बोल्ट उघडा राहिला, पुंगळ्या साडेतीनला. मग एच-२. काका, लोण्यासारखी चालली! पुंगळ्या चारला, बोल्ट दर वेळी उघडा. सगळ्यात जड जो चालेल तो खरा, म्हणून एच-२ ठेवलाय. तुझा एच डब्यात परत. राग मानू नकोस.

कालच पहिली मेंढी व्याली, जुळी. एक कोकरू थंडगार पडलं होतं, त्याला चुलीपाशी टॉवेलात ठेवलं. आता ते उभं राहून टेबलाचा पाय चोखतंय. सहा महिन्यांत पहिल्यांदा मी मोठ्याने हसले.

बाबांबद्दल तू लिहिलंस ते वाचून मला राग आला होता. मग वाटलं, निदान कोणीतरी त्यांच्यावर अजून चिडतंय. इथे सगळे त्यांच्याबद्दल इतकं गोड बोलतात की तो माणूस ओळखूच येत नाही.

सोल्वेग


युमा
१८ फेब्रुवारी

सोल्वेग,

दुपारी? उन्हात? कोल्हे काय दुपारी जेवायला येतात तुझ्याकडे?

बाई, ते पहाटे येतात, तुझ्या ओठांवर बर्फ जमतं तेव्हा. थंडीत बारूद मंद जळते, तेल घट्ट होतं, वाफेचा जोर उतरतो. दुपारी जो बफर लोण्यासारखा चालतो तो पहाटे दगड होतो. हे मी लिहायला हवं होतं. इथे बसून थंडी विसरायला होतं, लाज वाटते सांगायला. पत्र मिळताच एच घाल, आणि पहाटे रायफल गोठ्याबाहेर तासभर ठेवून मग तपास. घरातल्या उबेतून काढून नाही.

आणखी एक. तो एच-३ माझ्या डोक्यातून जात नाही. हॅल्वर हट्टी होता, पण अडाणी नव्हता. रायफल अडत असताना तो तिच्यात आणखी जड बफर घालणार नाही. आणि अडकणारी रायफल इतकी वर्षं वापरणारही नाही. नळीच्या टोकाशी काय आहे ते बघून सांग.

एनारकाका


मेलव्हिल
२४ फेब्रुवारी

प्रिय एनारकाका,

तुझं पत्र सोमवारी आलं. कोल्हे शनिवारीच येऊन गेले.

पहाटे कुत्रा भुंकला म्हणून मी बाहेर आले, तर खालच्या वाड्याशी तीन होते. पहिल्यावर झाडली, चुकली. दुसरं काडतूस वर आलं नाही. मूठ ओढेपर्यंत त्यांनी काम उरकलं होतं. चार कोकरं गेली. त्यात ते टेबलाचा पाय चोखणारंही होतं, मी आदल्याच दिवशी त्याला आईकडे सोडलं होतं. मी तिथेच बर्फात बसून रडले. डेल प्रुएट ट्रक थांबवून रस्त्यावरून बघत होता. या वेळी त्याने काही विचारलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

तुझा दोष नाही. दुपारी कोण तपासतं, हे मला कळायला हवं होतं, मी इथेच वाढले.

आता तुझा एच आहे आत. रायफल गोठ्याबाहेर टांगून ठेवली आणि आज पहाटे तपासली, हातमोज्यातून बोटं वळत नव्हती तेव्हा. पाच वेळा, एकेका काडतुसावर. पाचही वेळा बोल्ट उघडा राहिला. आणि खरी बातमी पुढे आहे. काडतुसं भरून आत निघाले, तोच वरच्या बांधावर ते तिघे पुन्हा दिसले. दोन पडले, तिसरा पळाला. रायफल एकदाही अडली नाही. दोघांनाही मी रस्त्याकडच्या कुंपणाला टांगलं, सगळे टांगतात तसे, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे. डेल प्रुएट दोनदा गाडी हळू करून गेला.

तू निवडलेली पायरीच बरोबर होती. म्हणायला हवं म्हणून म्हणते.

नळीचं विचारलंस. टोकाला नुसते आटे आहेत, काही तरी फिरवून बसवायचे असतात तसे. त्यावर एक लांब काळा डबा असायचा, सायलेन्सर. बाबा गेल्यावर वकिलाने सांगितलं की त्याचे कागद वेगळे असतात, ते माझ्या नावावर होईपर्यंत घरात ठेवू नकोस. म्हणून मी तो हार्लोटनला मॅकेच्या बंदुकांच्या दुकानात ठेवायला दिला. बफरशी त्याचा काही संबंध असेल असं मला वाटलंच नाही. आहे का?

सोल्वेग


युमा
२ मार्च

सोल्वेग,

आहे. सगळा संबंध आहे.

सायलेन्सर लावला की नळीचं तोंड कोंडतं. वाफ बाहेर जायच्या ऐवजी मागे येते, बोल्ट दुप्पट जोराने धावतो. तेव्हा एच पुरत नाही. एच-३च लागतो. डबा काढलास आणि बफर तोच राहिला, म्हणून अडत होती.

हॅल्वरकडे सायलेन्सर होता हे मला माहीत नव्हतं. मॅकेला विचारून सांग, तो त्याने कधी घेतला. एवढंच कर. बाकी मग लिहीन.

एनार


मेलव्हिल
११ मार्च

प्रिय एनारकाका,

तुझं पत्र इतकं लहान होतं की मी घाबरले. दुसऱ्याच दिवशी कोकरांसाठी दुधाची पावडर आणायच्या निमित्ताने हार्लोटनला गेले.

मॅकेला लगेच आठवलं. दोन हजार आठचा वसंत, ईस्टरनंतरचा आठवडा. बाबा दुकानात आले आणि म्हणाले, "सगळ्यात कमी आवाजाचा कोणता?" मॅके म्हणाला, "का रे हॅल्वर, कान गेले का?" बाबा म्हणाले, "माझे ठीक आहेत." कागद व्हायला उन्हाळा गेला. शरद ऋतूत डबा हातात आला तेव्हा मॅकेनेच सांगितलं की याच्याबरोबर आतला बफरही जड हवा, आणि तो म्हणाला, "पण एनारनं बनवलीय ना ही? त्याच्याकडूनच घालून घे." त्यावर बाबांनी मॅकेकडूनच एच-३ घेतला. मग म्हणाले, "त्याला यातलं काही कळता कामा नये. या हिवाळ्यात तरी त्याला झोप लागू दे."

मॅकेला वाटलं होतं तू आजारी आहेस. त्याने पुढे विचारलं नाही. तुम्ही पुरुष कधीच काही विचारत नाही.

आणखी एक आहे. त्या दिवशी पळालेल्या तिसऱ्या कोल्ह्याचा माग काढत मी काल उत्तरेच्या घळीत उतरले. तिथे आजोबांच्या वेळचं पडकं कुंपण आहे ना, जिथे आता कोणी जात नाही? काका, त्या कुंपणाला या टोकापासून त्या टोकापर्यंत कोल्हे टांगलेत. जुने आहेत, नुसती हाडं आणि कातड्याच्या चिंध्या. काहींच्या तारा गंजून तुटल्यात. ते सगळे एका हिवाळ्याचे नसतील, पण सुरुवातीचे इतके जुने आहेत की ते त्याच वर्षीचे असणार. रस्त्याकडचं कुंपण तुझ्या खिडकीतून दिसायचं. हे दिसत नाही.

म्हणजे ते झोपत नव्हते. पहाटे पहाटे उठून मारत होते आणि लपवत होते. कोकरं तरीही गेली, कारण तो हिवाळाच तसा होता, एकट्या माणसाला पुरून उरणारा. पण तू अंगणात तसं बोललास तेव्हा एका शब्दात उत्तर देता आलं असतं त्यांना. नुसतं "घळीत जाऊन बघ" म्हणाले असते तरी चाललं असतं. का नाही बोलले? तुला माहीत असेल तर सांग. मी त्यांची मुलगी आहे आणि मला माहीत नाही.

सोल्वेग


युमा
१९ मार्च

प्रिय सोल्वेग,

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा उठून अंगण झाडलं. इथे अंगणात झाडण्यासारखं काही नसतं.

युद्धावरून आल्यापासून मला एक खोड लागली. मी स्वतः दिवसभर बंदुका झाडायचो, टेबलाशी, लोकांसमोर, काही वाटायचं नाही. बोट माझं असलं की ठीक. पण न सांगता, पाठीमागून, कुठून तरी बार झाला, की मी माझ्या ताब्यात राहत नाही. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सरकारी डॉक्टरलाही नाही. पुढे पुढे ते कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. विण्याच्या हंगामात हॅल्वर टेकडीपलीकडे पहाटे बार काढायचा, आणि तो कधी काढेल याची वाट बघत मी जागा पडायचो. हिवाळेच्या हिवाळे असे गेले.

त्या ईस्टरला तुमच्याकडे नाश्त्याला होतो. तू बिलिंग्जला होतीस. तुझी आई पोळ्या भाजत होती, मी कॉफी ओतत होतो. हॅल्वरला खिडकीतून कोल्हा दिसला, तो रायफल घेऊन मागच्या दारात गेला आणि झाडली. शुद्धीवर आलो तेव्हा मी टेबलाखाली होतो, गुडघे पोटाशी घेऊन, आणि उकळती कॉफी माझ्या हातावर सांडलेली. हॅल्वर दारात उभा होता. त्याने मला पाहिलं. मी त्याला पाहिलं. मग तो म्हणाला, "किटली निसटली वाटतं," आणि फडकं घेऊन जमीन पुसायला लागला. त्या दिवसापासून त्यावर आमच्यात एक अक्षर झालं नाही.

पुढच्या हिवाळ्यात बार थांबले. मी झोपलो, सोल्वेग. कितीतरी वर्षांनी सलग, मेल्यासारखा झोपलो. टेकडी मध्ये आणि वारा उलटा, मला काहीच ऐकू आलं नाही. आणि मार्चमध्ये ओढ्याकाठी फाटलेली कोकरं बघितली, कुंपण मोकळं बघितलं, आणि ताजातवाना होऊन त्याच्या अंगणात जाऊन त्याला म्हणालो की तू झोपा काढतोस.

तू विचारतेस तो का बोलला नाही. बोलला असता, तर मी विचारलं असतं की मग बार ऐकू का आले नाहीत. आणि मग त्याला सांगावं लागलं असतं की एनार, मी तुला टेबलाखाली पाहिलंय. ते सांगण्यापेक्षा त्याने भाऊ जाऊ दिला. मी त्याच्या जागी असतो तर मला हे जमलं नसतं.

मी लिहिलं होतं की माझ्या कामात त्याने हात घातला. त्याने बफर बरोबर निवडला होता. त्या डब्याबरोबर मीही तोच निवडला असता.

दफनाला मी आलो होतो बिग टिंबरपर्यंत. बस थांब्यावरच्या खानावळीत बसून राहिलो आणि परतीची बस धरली. मला वाटत होतं की त्याने माझी माफी मागायची राहून गेली. किती उलटं असतं बघ माणसाचं डोकं. मला त्याची फार आठवण येते.

कोकरांचं कळवत जा. एचवर भरवसा ठेव.

काका


मेलव्हिल
७ एप्रिल

प्रिय काका,

तुझं पत्र मी घळीत नेऊन वाचलं, त्या कुंपणाशी बसून. तिथे वारा लागत नाही. वाचून झाल्यावर तुटलेल्या दोन तारा पुन्हा बांधल्या. का, ते विचारू नकोस.

इथलं सांगते. त्या शनिवारनंतर कोल्ह्याने एकही कोकरू नेलं नाही. दोन न्यूमोनियाने गेली, एकावर त्याची आईच बसली, तेवढं चालायचंच. गोठ्यातलं विणं संपलं. डेल प्रुएट परवा आला तेव्हा मी त्याला टोपी काढायच्या आधीच नाही म्हणून सांगितलं. त्याने टोपी परत नीट बसवली आणि म्हणाला, "हॅल्वरचीच आहेस." मग मला कोकरांना ऊब द्यायचे दोन दिवे देऊन गेला, जुने पडलेत म्हणून. वाईट माणूस नाही तो.

आता उरलेल्या मेंढ्या मे महिन्यात माळावर विणार, टेकडीच्या तुझ्या बाजूला. तिथे एकटीने जमणार नाही मला. हे विनंती म्हणून वाचू नकोस, हिशेब म्हणून वाच. तुझं घर मी उघडून बघितलं. चुलीच्या धुराड्यात घुबडाने घरटं केलं होतं, ते काढलं. गादीला उंदीर लागलेत, दुसरी ठेवली आहे. खिडकीतून रस्त्याचं कुंपण अजून दिसतं.

सायलेन्सरचे कागद सोमवारी आले. मॅकेने डबा परत दिला, समोर टेबलावर आहे. तो लावायचा की नाही हे मला ठरवता येत नाही, म्हणून तुला विचारते. मी इथे एकटीच राहणार असेन, तर आवाजाने झोपमोड होईल असं कोणी नाही. मग डबा फडताळात, आणि आत तुझा एच आहे तो छान आहे. पण पलीकडच्या घरात कोणी झोपणार असेल, तर डबा लावायला हवा, आणि मग बफर बदलावा लागेल.

दोन्ही बफर, एच आणि एच-३, समोर ठेवलेत. कोणता घालू ते कळव.

सोल्वेग


युमा
१२ एप्रिल

सोल्वेग,

एच-३ घाल.

काढताना अंगठा ठेव त्यावर, नाहीतर पुन्हा चुलीखाली शोधत बसशील.

काका